प्रीकास्ट स्लॅब नवा, धक्का तोच: जोडावरची पायरी पुन्हा पुन्हा का पडते

काँक्रीटच्या रस्त्यातला फुटका तुकडा कापून काढला, कारखान्यातून तयार होऊन आलेला स्लॅब रात्रीतून बसवला, सकाळी वाहतूक सुरू झाली. काही महिने सगळं छान चालतं. मग पावसाची एखादी झड होऊन जाते आणि ट्रक गेला की जोडावर ‘धप्प’ असा आवाज यायला लागतो. हाताने चाचपलं तर चार-पाच मिलिमीटरची पायरी लागते. भोकं पाडून ग्राउट (पोकळी भरायचं सिमेंटचं पातळ मिश्रण) सोडलं जातं, धक्का जातो, आणि पुढच्या पावसात परत हजर होतो. दोन-तीनदा असं झालं की कुणीतरी म्हणतंच, “प्रीकास्टच्या नादी लागायलाच नको होतं.”

खरं तर यात स्लॅबचा स्वतःचा दोष क्वचित असतो. कारखान्यात साच्यात ओतलेलं, नीट क्युअरिंग झालेलं, दुहेरी जाळी असलेलं काँक्रीट रस्त्यावर घाईत ओतलेल्या काँक्रीटपेक्षा बहुधा सरसच निघतं. बिघडतं ते त्याच्या खालच्या बोटभर थरात आणि भोवतालच्या सेंटीमीटरभर फटीत. आणि दुरुस्ती टिकत नाही याचं मोठं कारण म्हणजे ती उलट्या क्रमाने होते. पाणी तिथेच ठेवून पोकळी भरायची, पोकळी ठेवून पायरी घासायची, डॉवेल (जोडाच्या आरपार जाऊन एका स्लॅबचा भार दुसऱ्यावर नेणाऱ्या सळया) मोकळे ठेवून जोडात सीलंट भरायचं. असं केलं तर बिल निघतं, धक्का जात नाही.

आधी पायरी कुठल्या बाजूला आहे ते पाहा

ड्रिल मशीन बाहेर काढण्याआधी तीन मीटरची सरळ पट्टी घ्या आणि नव्या स्लॅबच्या दोन्ही आडव्या जोडांवर ठेवून बघा. वाहतुकीच्या दिशेने उभं राहायचं. जुन्यावरून नव्यावर येताना खाली उतरणारी पायरी, आणि नव्यावरून पुढच्या जुन्यावर जातानाही खाली उतरणारीच पायरी, असं असेल तर हे पाण्याचं काम आहे. चाक जोडाकडे येताना अलीकडचा स्लॅब हळूहळू दबतो, ओलांडलं की पलीकडचा एकदम दबतो, आणि खालचं गढूळ पाणी जोराने मागे ढकललं जातं. त्याच्याबरोबर बारीक माती-कचही (कच म्हणजे दगडाचा चुरा) मागे जाऊन अलीकडच्या स्लॅबखाली साठते. अलीकडचा वर येतो, पलीकडचा खाली बसतो. म्हणून पाण्याने झालेल्या पायऱ्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून असतात.

नवा स्लॅब दोन्ही टोकांना शेजाऱ्यांपेक्षा खाली असेल तर बैठक (स्लॅबखालचा आधाराचा थर) खचली आहे, किंवा पहिल्या रात्रीच तो खाली बसवला गेला होता. दोन्हीकडे वर असेल तर खड्ड्याची खोली किंवा स्लॅबची जाडी चुकली. आणि चारपैकी एकच कोपरा हलत असेल, बाकीचे तीन घट्ट, तर तो निराळाच आजार. त्याबद्दल पुढे.

बाजूपट्टीवरही नजर टाका. जोडाच्या तोंडाशी राखाडी किंवा मातकट ओघळ वाळलेले दिसले तर खालून माल बाहेर येतोय. रंगावरून अंदाज बांधता येतो: सिमेंटसारखा राखाडी ओघळ म्हणजे ग्राउट किंवा खालचं लीन काँक्रीट (कमी सिमेंटचा पायाचा थर) झिजून येतंय, मातीचा रंग म्हणजे प्रकरण आणखी खोल गेलंय.

पोकळी आहे की नाही, आणि असली तर केवढी

हातोडीने ठोकून बद्द आवाज आला की पोकळी, असं सरसकट म्हणता येत नाही. वरच्या थराची ढलपी सुटली असेल तरी आवाज तसाच येतो. संशयाच्या जागी, कोपऱ्यापासून अर्धा मीटर आत, २०-२५ मिलिमीटरचं भोक आरपार पाडा. टोक वाकवलेली तार आत सोडून स्लॅबच्या बुडाला अडकवा, मग खाली टेकवा. दोन्ही वेळा तारेवर खूण करा; दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पोकळीची उंची. मग त्याच भोकात बाटलीभर पाणी ओता. ते भोकात उभं राहिलं तर खाली फारसं काही नाही. गटकन गेलं तर पोकळी आहे आणि तिला वाटही आहे. पाणी बाहेर कुठे निघतं याकडे एका माणसाने लक्ष ठेवावं. ते ठिकाण नंतर कामाला येतं.

फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर (वजन टाकून स्लॅब किती दबतो ते मोजणारं यंत्र) मिळत असेल तर उत्तम. वेगवेगळ्या तीन भारांना कोपरा किती दबतो ते मोजायचं, आलेखावर सरळ रेघ काढून शून्य भारापर्यंत मागे न्यायची. रेघ शून्यापाशी न येता ०.०५ मिलिमीटरच्या वर कापत असेल तर खाली पोकळी आहे असं धरतात. तेच यंत्र जोडाची भार वाहून नेण्याची ताकद सांगतं: भार असलेल्या बाजूला ०.४० मिलिमीटर दाब आणि पलीकडे फक्त ०.१२, म्हणजे ३० टक्के. असा जोड जवळजवळ मेलेला. ७० टक्क्यांच्या वर असेल तर डॉवेल काम करताहेत. यंत्र नसेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक बेंकेलमन बीम (चाकाखाली रस्ता किती दबतो ते मोजणारा दांडा) लावून भरलेला ट्रक सावकाश पुढे घ्या. आकडे तितके नेमके येणार नाहीत, पण ३० आणि ८० मधला फरक नक्की कळतो.

हे मोजमाप कधी करता याला फार महत्त्व आहे, आणि नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं. टळटळीत दुपारी काँक्रीट फुगलेलं असतं, जोड आवळलेले असतात, त्यामुळे मेलेला जोडसुद्धा धडधाकट दिसतो. जोड तपासायचा तो गार वेळी. पोकळीचं उलटं आहे: पहाटे वरचा पृष्ठभाग गार आणि बूड कोमट असल्याने स्लॅबचे कोपरे किंचित वर वळतात आणि नसलेली पोकळी दाखवतात. म्हणून पोकळीची चाचणी वर-खाली तापमान साधारण सारखं असताना करावी. एकाच फेरीत दोन्ही उरकलं असेल तर अहवालातली वेळ आधी वाचा, आकडे नंतर.

बैठक

बहुतेक कामांत पहिली गडबड इथेच होते. जुना तुकडा ब्रेकरने फोडून काढला की खालचं लीन काँक्रीट किंवा खडीचा थरही ठिकठिकाणी उखडतो. वेळ कमी असतो, मग त्या खळग्यांत कच ओतून, फावड्याच्या पाठीने थोपटून, वर स्लॅब ठेवला जातो. कच ही लेव्हल साधण्यासाठी असते, खड्डे भरण्यासाठी नव्हे. १० मिलिमीटरच्या आसपास थर असेल तर ती छान काम करते. ४०-५० मिलिमीटर झाली, आणि तीही नीट न दाबलेली, की वाहनांच्या पहिल्या हजारभर आसांखालीच खचते. खोल खळगे पटकन घट्ट होणाऱ्या मालाने भरून घ्या, वर पातळ थर कच, ओलसर करून प्लेट कॉम्पॅक्टर, मग दोन्ही बाजूंच्या रेलवरून पट्टी ओढून लेव्हल. ३ मिलिमीटरच्या आत यायला हवी. शक्य असेल तिथे जुना स्लॅब फोडूच नका. चारी बाजूंनी पूर्ण खोलीचा काप घेऊन, उचलायचे अँकर ठोकून क्रेनने सबंध उचलला तर खालचा थर शाबूत राहतो.

दुसरं, पाचरी. स्लॅब वर घ्यायला लाकडी फळ्यांचे किंवा लोखंडी पट्ट्यांचे तुकडे खाली सरकवतात आणि तिथेच राहू देतात. लाकूड कुजतं, लोखंड कुजत नाही, पण सगळा भार त्या बोटभर जागेवर येतो आणि नेमकी त्याच्यावरून भेग निघते. लेव्हलिंग बोल्टचं तसंच. बोल्टवर स्लॅब हवा तसा वर-खाली करायचा, ग्राउट भरायचं, ते घट्ट झालं की बोल्ट मागे फिरवून मोकळे करायचे. हे शेवटचं पाऊल पहाटे चारला, बॅरिकेड उचलायची घाई असताना, हटकून राहतं. मग स्लॅब ग्राउटवर न बसता चार बोल्टांवर उभा राहतो. बोल्टची तोंडं मॉर्टरने बुजवलेली असतात, त्यामुळे नंतर तपासणाऱ्याला काही दिसत नाही. वारंवार हलणाऱ्या स्लॅबवर ती तोंडं फोडून पाना लावून बघा. बोल्ट ताठ असेल तर कोडं बरंचसं सुटलं.

एकच कोपरा हलतो तेव्हा

साच्यातला स्लॅब सपाट असतो. रस्ता मात्र वळणाच्या तोंडाशी, जिथे आडवा उतार हळूहळू बदलत जातो तिथे, किंचित पिळलेला असतो. चार कोपरे एका प्रतलात नसतात. तिथे सपाट स्लॅब तीन कोपऱ्यांवर टेकतो आणि चौथा अधांतरी राहतो किंवा शेजाऱ्याच्या वर येतो. बैठक कितीही निगुतीने केली असली तरी.

तपासायला दोन दोऱ्या पुरतात. खड्ड्याच्या चारी कोपऱ्यांशी, शेजारच्या स्लॅबच्या पृष्ठभागावर सारख्या उंचीचे ठोकळे ठेवा आणि कर्णांवर दोन दोऱ्या ताणून बांधा. मधोमध दोऱ्या नुसत्या टेकल्या तर जागा सपाट. मध्ये ६ मिलिमीटर अंतर पडलं, तर चौथा कोपरा त्याच्या दुप्पट, म्हणजे १२ मिलिमीटर, प्रतलाबाहेर आहे. ही मोजणी स्लॅबची मागणी नोंदवण्याआधी व्हायला हवी, कारण मग साच्याचा एक कोपरा तेवढा खाली-वर घेऊन पिळलेला स्लॅब ओतता येतो. बसवून झाल्यावर कळलं, तर खाली ग्राउटने पूर्ण टेकू देऊन वरचा उंचवटा हिऱ्याच्या पात्यांनी घासून काढणं एवढंच हातात राहतं. १२ मिलिमीटर घासायचं म्हणजे जाळीवरचं आवरण तेवढं कमी होणार, ते आधी तपासा.

ग्राउट

२००१ साली न्यूयॉर्कजवळच्या टॅपन झी पुलाच्या टोलनाक्यावर प्रीकास्ट स्लॅब बसवले गेले. तिथल्या पद्धतीत डॉवेलच्या खाचा स्लॅबच्या बुडाला असतात आणि ग्राउट वरच्या भोकांतून खाली सोडतात. नेमक्या लेव्हलच्या बैठकीवर ठेवलेला स्लॅब ग्राउटशिवायही तात्पुरती वाहतूक झेलतो. आज रात्री ठेवा, उद्या रात्री ग्राउट करा. सोय मोठी आहे आणि धोकाही तिच्यातच आहे. उद्याची रात्र पावसात जाते, परवा पंप बिघडतो, आणि आठवडाभर जड वाहनं मोकळ्या डॉवेलवरून जात राहतात. तोवर बैठकीची कच कडेला सरकलेली असते, खाचांत चिखल शिरलेला असतो. मग भरलेलं ग्राउट काँक्रीटला न धरता चिखलाला धरतं. कामाच्या नोंदीत स्लॅब बसवल्याची आणि ग्राउटची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहा. बऱ्याच हलणाऱ्या स्लॅबांचं उत्तर तिथेच मिळतं.

पंप अडखळला की ग्राउटमध्ये पाणी वाढवणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. पातळ ग्राउट सुरेख वाहतं, पण घट्ट होताना पाणी वर येतं आणि स्लॅबच्या बुडाशी पाण्याची पातळ चादर राहते. ती वाळली की तिथे कागदाएवढी पोकळी. पुढच्या पावसात पाण्याला एवढी जागा पुष्कळ होते. फ्लो कोन (ग्राउट किती पातळ आहे ते मोजायचं नरसाळं) जवळ ठेवाच. १,७२५ मिलिलिटर साधं पाणी त्यातून सुमारे ८ सेकंदांत निघतं. तुमचं ग्राउट त्याच्या जवळपास वेळात निघत असेल तर तुम्ही पाणीच पंप करताय. किती सेकंद हवेत हे मालाच्या माहितीपत्रकात असतं, ते ठेकेदाराच्या मुकादमाला तोंडपाठ असायला हवं.

आणि किती लिटर गेलं ते लिहून ठेवा. ३.५ बाय ४ मीटरच्या स्लॅबखाली सरासरी ५ मिलिमीटर पोकळी धरली तर ७० लिटर लागतात. २० लिटरमध्येच दुसऱ्या टोकाला ग्राउट दिसलं तर ते एखाद्या पन्हळीतून सरळ निघून गेलंय, बाकी भाग कोराच आहे. २०० लिटर गिळून अजून मागत असेल तर ते निचऱ्याच्या नळीत किंवा शेजारच्या स्लॅबखाली चाललंय. दाब वाढवून उपयोग नाही. उलट जास्त दाबाने स्लॅब एका बाजूने उचलला गेला की दुसऱ्या बाजूला नवी पोकळी तयार होते, आणि ती पुढच्या वर्षीची तक्रार ठरते. स्लॅबवर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावा, काटा हलू लागला की पंप बंद.

डॉवेलभोवतीच्या ग्राउटला निदान १७ मेगापास्कल ताकद आल्याशिवाय जड वाहनं सोडू नयेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. गार रात्री ती ताकद यायला माहितीपत्रकातल्या वेळेपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. जागेवरच, त्याच गारठ्यात ठेवलेले ग्राउटचे क्यूब फोडून पाहिल्याशिवाय बॅरिकेड हलवू नये.

डॉवेल

जोड ३०-४० टक्क्यांवर असेल आणि पोकळी भरूनही आकडा हलत नसेल तर डॉवेल एक तर सैल आहेत, नाहीतर नाहीतच. घाईच्या कामांत सळया पूर्ण वगळल्याचीही उदाहरणं सापडतात, त्यामुळे सळई शोधणारं यंत्र एकदा फिरवून घ्यावं. साधारण ३२ मिलिमीटरची गुळगुळीत सळई, ४५० मिलिमीटर लांब, दर ३०० मिलिमीटरला, किंवा निदान चाकोऱ्यांत चार-चार, अशी मांडणी असते. जुन्या काँक्रीटमध्ये भोक पाडून ती बसवताना इपॉक्सी भोकाच्या तळाशी सोडून सळई फिरवत आत ढकलायची असते. नुसती सळईला चोपडून आत घातली तर इपॉक्सी तोंडाशीच खरवडून निघतं आणि सळई हवेत राहते.

सोव्हिएत काळापासून धावपट्ट्यांसाठी वापरले जाणारे ६ बाय २ मीटरचे, १४ सेंटीमीटर जाडीचे पूर्वताणित (आतलं पोलाद आधीच ताणलेले) स्लॅब याबाबतीत बोलके आहेत. त्यांच्या कडांना स्टीलच्या कड्या असतात आणि शेजारच्या स्लॅबच्या कड्यांशी त्या वेल्ड करायच्या असतात. वेल्ड न करता नुसते मांडले की तेच भक्कम स्लॅब वाहनाखाली खडखडायला लागतात.

बसलेल्या स्लॅबला डॉवेल नंतरही घालता येतात. चाकोरीत जोडाला छेदणाऱ्या, वाहतुकीच्या दिशेतल्या खाचा कापायच्या, आतला भुगा वाळू मारून आणि हवेने साफ करायचा, दोन्ही टोकांना टोप्या लावलेली, तेल लावलेली सळई खुर्चीवर (खाचेतल्या छोट्या आधारावर) ठेवायची, आणि लवकर घट्ट होणारं मॉर्टर भरायचं. यातली छोटीशी वस्तू म्हणजे जोडाच्या रेषेत उभी करायची फोमची चकती. ती सरकली की मॉर्टर जोडाच्या आरपार जातं, उन्हाने स्लॅब फुगला की दोन्ही कडा त्यावर दाबल्या जातात आणि ढलप्या उडतात. मग लोक म्हणतात मॉर्टर खराब होतं.

पाणी

वरचं सगळं नीट केलं आणि पाण्याला वाट दिली नाही, तर परत याल. घट्ट लीन काँक्रीटमध्ये कापलेला दुरुस्तीचा खड्डा म्हणजे एक परातच असते. जोडातून शिरलेलं पाणी चारी बाजूंनी अडतं आणि प्रत्येक चाकाबरोबर आत घुसळत राहतं. मघाशी भोकात ओतलेलं पाणी कुठे निघालं होतं ते आठवा. कुठेच निघालं नसेल तर उताराच्या बाजूला बाजूपट्टीतून एक आडवी चर काढून, खडी भरून, फिल्टर कापड गुंडाळून ती बाहेर गटारात सोडा. चरीचा तळ बैठकीच्या खाली हवा. वर असेल तर ती शोभेची.

पाणी आत येतं ते मुख्यतः आडव्या जोडांतून असं सगळ्यांना वाटतं, म्हणून सीलंटही तिथेच भरलं जातं. डांबरी बाजूपट्टी आणि काँक्रीटची कड यांच्यामधली लांबच लांब फट मात्र उघडी राहते, आणि रस्त्याचा उतार सगळं पाणी नेमकं तिकडेच नेत असतो. आधी ती बंद करा.

भेगा

कोपऱ्याला तिरकी भेग म्हणजे त्या कोपऱ्याखाली पोकळी. स्लॅब वाचवता येतो, पण लवकर हालचाल हवी. मधोमध आडवी, पहिल्या दिवसापासूनची केसाएवढी भेग बहुधा उचलण्यातली असते. २४ सेंटीमीटर जाडीचा, वर सांगितलेल्या मापाचा स्लॅब सुमारे ८ टन भरतो. स्लिंग (उचलायचा दोर) आडव्याशी ३० अंशांवर आला की त्यातला ताण ९० अंशांवरच्या ताणाच्या दुप्पट होतो, आणि स्लॅबला आडवा दाबही बसतो. स्लिंग ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. जाळीने आवळून धरलेल्या अशा बारीक भेगेसाठी स्लॅब बदलण्याची गरज नसते. ती रुंदावतेय का तेवढं बघत राहायचं.

दुरुस्तीचा क्रम

आधी पाण्याची वाट. मग पोकळी, तीही जिथे मोजून सापडली तिथेच. सगळ्या भोकांत उगाच ग्राउट नको. स्लॅब उचलायचाच असेल तर पॉलियुरेथेन फोम सोयीचा, पण थोडा थोडा, एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे फिरत. मग डॉवेल. पोकळी भरण्याआधी डॉवेल घातले तर खाली बसलेला स्लॅब खालीच जखडला जातो. मग जोडाची चाचणी, गार वेळी. आकडा ७० च्या वर आला तरच घासकाम. सीलंट सर्वांत शेवटी, कोरड्या आणि वाळू मारून साफ केलेल्या कडांवर. ओल्या कडेला लावलेलं सीलंट पट्टीसारखं सोलून निघतं.

एक प्रसंग मात्र असा असतो की यातलं काहीच करू नये. पुढचे-मागचे जुने स्लॅबही हलत असतील, त्यांच्या जोडांतूनही मातीचे ओघळ येत असतील, तर नवा स्लॅब तुम्ही पोकळ दातांच्या रांगेत बसवलाय. त्याखाली ओतलेलं ग्राउट शेजाऱ्यांखाली पसरून त्यांचा तोल आणखी बिघडवतं. अशा ठिकाणी आधी सलग पट्ट्याची चाचणी घ्या, पायाची माती तपासा, आणि दुरुस्तीची लांबी तिथून ठरवा. एकाच स्लॅबचं अंदाजपत्रक मंजूर झालंय म्हणून एकच स्लॅब बदलायचा, हा आग्रह तिथे महाग पडतो.